गरोदरपणात हात बधिर होणं वेगळं, पकड जाणं वेगळं

अगं, आठवा महिना, रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं आणि आता चहाचा कपही हातातून सुटतो, हे तू लिहिलेलं वाचलं आणि लगेच उत्तर द्यायला बसले. माझ्या दुसऱ्या खेपेला अगदी हेच झालं होतं. याला कार्पल टनेल म्हणतात, म्हणजे सुजेमुळे मनगटातल्या अरुंद जागेत नस दाबली जाते, हे तुला सांगितलं असेलच. मी डॉक्टर नाही, तेवढं धरून वाच.

तुला मिळालेलं 'डिलिव्हरीनंतर आपोआप जाईल' हे उत्तर मला खटकलं. बहुतेकींचं खरंच जातं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. पण पकड कमी होत असेल तर हात तपासल्याशिवाय कुणी असं सांगू नये, हे माझं ठाम मत आहे. मी नाव नोंदवलं होतं तिथे दर वेळी वजन, बीपी, पोट सगळं बघायचे, माझा हात मात्र कुणी हातात घेतला नाही. मी अंगठ्यात जोर नाही म्हणायचे, फाइलवर 'सूज' एवढंच लिहिलं जायचं आणि कॅल्शियमची गोळी बदलून मिळायची. शेवटी बाहेरच्या डॉक्टरांकडून एनसीव्ही टेस्टची (नस किती नीट चालते ते बघणारी तपासणी) चिठ्ठी आणली, तर 'प्रेग्नंट बाईला करंट देत नाही' म्हणून काउंटरवरूनच परत पाठवलं. डॉक्टरांना विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. मनगटापाशी अगदी सौम्य करंट देतात, गरोदरपणात ही टेस्ट चालते. त्या नकारात माझा सगळा नववा महिना गेला आणि त्याचा राग अजून येतो.

बाळंतपणानंतर हॅण्ड सर्जननी तळहात वर करून टेबलावर ठेवायला सांगितला, अंगठा छताकडे उभा करायला लावला आणि एका बोटाने खाली दाबला. अंगठा लगेच पडला. दोन्ही तळवे शेजारी धरले तर उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झालेला दिसत होता. हे तू आजच करून बघ. फरक दिसला तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नकोस, न्यूरोलॉजिस्ट किंवा हॅण्ड सर्जन गाठ. माझं ऑपरेशन फक्त हात बधिर करून झालं, बाळाला अंगावर पाजणं चालू असताना. मुंग्या लवकर थांबल्या, पण अंगठ्यातला जोर पूर्ण आलेला नाही. बरणीचं झाकण आजही डाव्या हाताने उघडते.

बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका एवढ्यात असतो. करंगळीही बधिर असेल किंवा मानेतून कळ येत असेल तर कारण दुसरं असू शकतं. थायरॉईड आणि शुगर बघितली नसेल तर बघून घे.

आता स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर धरणारा पट्टा. सर्जिकलच्या दुकानात 'कॉक-अप' मागितलं की बऱ्याचदा मनगट मागे वाकवून धरणारं देतात. आपल्याला मनगट सरळ हवं, कारण ते पुढे किंवा मागे वळलं की आतल्या नसेवरचा दाब वाढतो. आत पट्टी असते, ती बाहेर काढून सरळ करता येते. माझी फिजिओने टेबलाच्या कडेवर दाबून केली. झोपताना रोज लाव, पण वेलक्रो करकचून आवळू नकोस. कणीक मळणं, नारळ खवणं सध्या दुसऱ्या कुणाकडे तरी दे. दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन मनाने घेऊ नकोस.

आणि हे कार्पल टनेलच्या खात्यात टाकू नकोस: हाताला, चेहऱ्याला एकाएकी सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं. असं काही झालं तर त्याच दिवशी बीपी तपासून घे.

नोकरी करत असशील तर एक. माझ्या वेळी मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम १० प्रमाणे गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळत होती, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागायचं. एचआरवाले स्वतःहून सांगत नाहीत, लेखी विचार.

करंगळीचं काय आणि अंगठा दाबल्यावर टिकतो का, ते इथेच लिही.