सही न करता परत पाठवलेलं निवेदन

प्रिय मुला,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं, विवाहाच्या बदललेल्या कायद्यांविरुद्धचं निवेदनही. दोनदा वाचलं. भाषा नेटकी आहे, कळकळही खरी आहे. तरी मी सही केलेली नाही. कागद तसाच परत पाठवतो आहे. कारण सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील म्हातारा घाबरला.

विवाहाचे कायदे बदलले आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पायाखालची वाळू सरकली, असं तू लिहिलंस. अरे, पण आपलं घर वाळूवर बांधलंच कुणी होतं? पहिल्या तीन शतकांकडे बघ. रोमन सम्राट ऑगस्टसनं इ.स.पू. १८ मध्ये कायदा केला की लग्न न करणाऱ्याला मृत्युपत्रातून मिळणाऱ्या वारशाला मुकावं लागेल. त्याच साम्राज्यात बसून प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहितो की अविवाहित राहणं बरं. म्हणजे तेव्हाच्या सरकारी कुटुंबधोरणाच्या अगदी उलट! गुलामांना तर कायद्यानं लग्नच करता येत नसे. आणि तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमचा बिशप कॅलिस्टस कुलीन स्त्री आणि गुलाम पुरुष यांचं नातं मंडळीत विवाह म्हणून मान्य करू लागला. राज्याच्या लेखी ते लग्न नव्हतंच. हे आपल्याला कळतं ते त्याचा विरोधक हिप्पोलितस यानं त्याच्यावर केलेल्या टीकेतून. मंडळीतली भांडणं जुनीच आहेत, हे जाता जाता.

तेव्हा राज्याचा विवाह एक आणि मंडळीचा विवाह एक, ही काही आजची आपत्ती नाही. मधली काही शतकं दोन्ही एकाच नोंदवहीत आले आणि आपल्याला त्याची सवय झाली. कॅथलिक मंडळीतसुद्धा धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर लग्न लागलं तरच ते वैध, हा नियम तिच्या बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं १५६३ मध्ये केला. त्याआधी दोघांनी एकमेकांना दिलेली संमती पुरत असे, मग ती घराच्या ओसरीवर दिलेली का असेना. फ्रान्सनं १७९२ मध्ये विवाहनोंदणी चर्चच्या हातातून काढून नगरपालिकेकडे दिली. तिथली मंडळी त्यानं संपली नाही.

आता जरा बोचेल असं लिहितो. कायदा आपल्या बाजूनं होता तेव्हा आपण त्याचं काय केलं? इंग्लंडच्या १७५३ च्या कायद्यानं क्वेकर नावाचा छोटा ख्रिस्ती पंथ आणि यहुदी सोडून सगळ्यांना राजमान्य चर्चमध्येच लग्न लावायला भाग पाडलं. कॅथलिकांनाही, इतर पंथांनाही. हे १८३६ पर्यंत चाललं. घटस्फोटाचा १८५७ चा कायदा बघ. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता, त्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. इंग्लंडनं हा भेद १९२३ मध्ये काढला. त्याच साच्यातला १८६९ चा कायदा भारतातल्या ख्रिस्ती बायकांच्या डोक्यावर २००१ पर्यंत राहिला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशानं १९५९ मध्ये गोरा नवरा आणि कृष्णवर्णीय बायको यांना शिक्षा दिली, आणि १९६५ मध्ये ती कायम ठेवताना, देवानंच वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, असं कारण लिहिलं. तो कायदा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढला. या प्रत्येक बदलाच्या वेळी तुझ्यासारखंच एखादं निवेदन कुणीतरी लिहिलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणून ‘कायदा बदलला’ एवढ्यावर मी हळहळत नाही. कोणता बदलला आणि कुणासाठी, ते आधी बघतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ पासून अठरा वर्षांखालच्या कुणाचंही लग्न लावता येत नाही. यावर आपल्याकडून आनंदाचं एक पत्रक निघायला हवं होतं.

तुझा रोख समलिंगी विवाहावर आहे, ठाऊक आहे मला. नेदरलँड्सनं २००१ मध्ये सुरुवात केली, आज तीसहून अधिक देशांत तो कायदा आहे. माझं मत तुला माहीत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायात येशू उत्पत्तीच्या पुस्तकाची साक्ष काढून जे बोलतो, त्यावरून मी विवाह स्त्री आणि पुरुषाचाच मानत आलो, आजही मानतो. काही मंडळ्यांनी तेच शास्त्र वाचून वेगळा निर्णय घेतला आहे. त्यांच्याशी मी वाद घालतो, पण त्यांच्या प्रार्थना खोट्या आहेत असं म्हणत नाही. आणि पाळकांवर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंवर, जबरदस्ती होईल ही जी भीती निवेदनात आहे, तिथे निदान कायदा वाचून तरी लिही. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्यात कोणत्याही धर्मसंस्थेवर असा विवाह लावण्याची सक्ती नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

पौलानं करिंथकरांना विचारलेला एक प्रश्न आपण फार लवकर ओलांडतो: बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम आहे का? आतल्यांचं काय, ते बघा.

आतल्यांचं एक सांगतो. मी पाळक असताना एका जोडप्याचं लग्न लावलं. कागदपत्रं काटेकोर तपासली, लग्नाची घोषणा तीन रविवार मंडळीत वाचली, त्या दोघांशी मात्र जेमतेम पाऊण तास बोललो. तीन वर्षांत ते वेगळे झाले. मला कळलं ते सहा महिन्यांनी, तेही तिसऱ्याच कुणाकडून. त्या सहा महिन्यांत मी व्यासपीठावरून विवाहाच्या पावित्र्यावर चार रविवार उपदेश केला होता. ती मुलगी पहिल्या दोन रविवारी आली होती. तिसऱ्या रविवारपासून आली नाही. तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण उपस्थिती चांगली होती.

त्यानंतर मी लग्नाआधी निदान सहा भेटी घेऊ लागलो. पैसा, राग, सासू-सासरे, मूल न झालं तर काय, सगळं. दोघांना वेगवेगळं बसवून एक प्रश्न हमखास विचारायचो: तुला या माणसाची भीती वाटते का? एकदा एका मुलीनं खूप वेळानं मान हलवली. ते लग्न मी लावलं नाही. दोन्ही घरची माणसं वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. कुठल्याही कायद्यानं मला ते करायला सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. मंडळीचं काम म्हणतात ते मला त्या वर्षी थोडंफार उमगलं.

तुमच्या मंडळीत एकटी माणसं किती आहेत? विधवा, सोडून दिलेल्या, लग्न न झालेले, लग्न करणारच नाहीत असे? ‘कौटुंबिक रविवारी’ ती कुठे बसतात? प्रभू स्वतः अविवाहित होता, आणि आपल्याकडे तिशी ओलांडलेल्या अविवाहिताला गायनसंघाबाहेर कुणी ओळखत नाही. ज्याला समलिंगी आकर्षण आहे आणि शास्त्रवचनाखातर एकटं राहायचं आहे, त्याला आपण ‘एकटा राहा’ म्हणतो आणि दार लावून घेतो. मग एकोणिसावा अध्याय त्याला ऐकवायचा कुठल्या तोंडानं?

शेवटी तुझ्या मित्राबद्दल. दोन पानं निवेदन आणि त्याच्याविषयी ताज्या कलमात फक्त दोन ओळी; खरं पत्र मला त्या दोन ओळींत दिसलं. त्याचं लग्न पुढच्या महिन्यात एका पुरुषाशी आहे, त्यानं तुला बोलावलंय, जावं का? प्रामाणिक विश्वासणारे इथे दोन्हीकडे आहेत आणि मी तुझ्या विवेकाचा मालक नाही. मी असतो तर त्याच्या घरी आधी गेलो असतो, निमंत्रणपत्रिका हातात घेऊन. मला काय वाटतं ते त्याला सरळ सांगितलं असतं, साक्षीदार म्हणून सही करता येणार नाही हेही. आणि मग विचारलं असतं, एवढं ऐकूनही मी यावं असं तुला वाटतं का. तो हो म्हणाला असता तर गेलो असतो.

निवेदनावर त्याची सही मागितलेली नाहीस ना? त्याच्याकडे जाऊन ये आणि तो काय म्हणाला ते मला कळव. फोन नको, नीट लिही.

तुझा,
जुना पाळक