ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला लॅपटॉप घेऊन नंतर विंडोज टाकलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप दिसतायत. एकात विंडोज आहे, दुसरा थोडा स्वस्त आहे आणि त्याच्या माहितीत नुसतं ‘डॉस’ लिहिलंय. तो घेऊन नंतर विंडोज टाकावं का?

टाकता येतं, त्यात अडचण काही नाही. पण पैसे वाचवायला म्हणून घेणार असाल तर थांबा.

आधी त्या ‘डॉस’विषयी. हे बहुतेक वेळा फ्रीडॉस असतं. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस ही आपली जुनी, कमांड टाइप करून चालवायची सिस्टिम बंद करणार असं दिसल्यावर जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १९९४ साली हा फुकट पर्याय उभा करायला घेतला. लॅपटॉपमध्ये ते घालतात ते मशीन सुरू होतंय एवढं दिसावं म्हणून. त्यावर रोजचं काम करायचा विचारही करू नका.

मी असा लॅपटॉप घेतला तेव्हा हौसेने बटण दाबलं. काळी स्क्रीन, पांढरी चार अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, “बिघडलेला दिला वाटतं.” बिघडलेला नव्हता. घोळ पुढे झाला. पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं आणि ‘कुठल्या डिस्कवर टाकू’ या पानावर यादी रिकामी! तासभर मी एसएसडीच मेली असं धरून चाललो होतो. खरं कारण भलतंच होतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी सोय चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर (तो भाग सिस्टिमला ओळखता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) दिल्याशिवाय विंडोजच्या सेटअपला डिस्क दिसत नाही. तो उत्पादकाच्या साइटवरून उतरवायचा, अनझिप करून त्याच पेन ड्राइव्हवर टाकायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवायचा. मी आधी वाचलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

डिस्क सापडली तर वायफाय नाही, कारण त्याचाही ड्रायव्हर नव्हता. आणि विंडोज ११ तर सेटअपमध्येच इंटरनेट मागतं. शेवटी अँड्रॉइड फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू केलं आणि गाडी पुढे सरकली. ही युक्ती लक्षात ठेवा.

आता पैशांचं. कंपन्यांना विंडोज घाऊक दराने मिळतं. तुम्ही सुटं रिटेल लायसन्स घ्यायला गेलात, तर दोन लॅपटॉपच्या किमतीतल्या फरकापेक्षा ते साधारण महागच पडतं. त्यातून विंडोजवाल्या मशीनवर चाचणीपुरते अँटिव्हायरस वगैरे घालण्याचे पैसे कंपन्यांना मिळतात, त्यामुळे फरक कधीकधी अगदीच किरकोळ असतो. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची ‘की’ (लायसन्सचा क्रमांक) विंडोज ८ पासून मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, म्हणजे उद्या सगळं पुसून तीच आवृत्ती पुन्हा टाकली तरी की विचारली जात नाही. डॉसवाल्यात ती नसते. रिटेल लायसन्सचा एक फायदा मात्र मोठा आहे. जुना लॅपटॉप बाद झाला की ते नव्यावर नेता येतं, मशीनसोबत आलेलं नेता येत नाही. असं लायसन्स तुमच्याकडे आधीच पडून असेल, तर डॉसवाला खुशाल घ्या. ऑनलाइन कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या कीच्या नादी मात्र लागू नका. त्यातल्या कित्येक दुसऱ्याच संस्थेच्या घाऊक लायसन्समधल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम वापरणार असाल तर प्रश्नच मिटला, न वापरायच्या गोष्टीचे पैसे कशाला द्यायचे? फक्त विंडोज नाही म्हणजे लिनक्स नीट चालेलच, असं गृहीत धरू नका. उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप; त्याच मॉडेलचा उबुंटूवाला प्रकार कंपनी कुठे विकते का बघा, तो असेल तर बरीच चिंता मिटते. नाहीतर पेन ड्राइव्हवर लाइव्ह उबुंटू (लॅपटॉपमध्ये न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून चालणारं) घेऊन जा आणि दुकानदार लावू देत असेल तर तिथेच वायफाय, आवाज, कॅमेरा बघा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हेही बघा. बरेच जण नेमकं हेच विसरतात. एनव्हीडियाचं ग्राफिक्स असेल तर सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना ड्रायव्हरसाठी एक जादा पायरी करावी लागू शकते, एवढंच.

आणखी एक. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा. नाव तेच असतं, पण स्वस्त प्रकारात कधी रॅम कमी असते, कधी स्क्रीन फिकी असते, आणि आपल्याला वाटतं फरक फक्त विंडोजचा आहे.

माझ्या त्या लॅपटॉपवर विंडोज फार दिवस टिकलं नाही, आता उबुंटू आहे. सगळं चालतं, फक्त फिंगरप्रिंट ओळखत नाही. पासवर्ड टाइप करतो.