व्हॉल्व्हचा कार-रेडिओ लगेच जोडू नकोस

मॉरिस मायनर ही जुनी मोटार आणि तिच्यातला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ मिळाला म्हणतोस, नशीबवान आहेस. पण बॅटरीला हात लावण्याआधी बॉडीला कुठलं टोक आहे ते बघ. मायनरला बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. सिंक्रोनस व्हायब्रेटरचा (थरथरत्या पट्टीचा स्विच, जो एसीचं परत डीसीही करतो) रेडिओ उलटा जोडलास, तर एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा जास्त व्होल्टचा पुरवठाच उलटा होतो आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जातात.

डब्यात भुंग्यासारखी गुणगुण आली म्हणजे व्हायब्रेटर १२ व्होल्टचे तुकडे करून ट्रान्सफॉर्मरला देतोय. पुढे दोनशेच्या वर व्होल्ट तयार होतात, तेव्हा बोटं सांभाळ. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरचा बफर कपॅसिटर मात्र न तपासता आधी बदल, १६०० व्होल्टचा, मायक्रोफॅरडचा आकडा मूळचाच ठेव. मी आळस केला आणि ट्रान्सफॉर्मर जाळला. तो वास पंचवटीतल्या आमच्या वाड्यात दोन दिवस होता, बायको अजून तो विषय काढते!

वेगळा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असला आणि तो ओझेड-४ निघाला, तर मीटरवर फिलामेंट (आतली तापणारी तार) दाखवत नाही म्हणून फेकू नकोस. त्याला फिलामेंट नसतंच, आत गॅस असतो.

कापडी वेष्टणाच्या वायरी पावसाळ्यात ओल धरतात, त्या वाकवूही नकोस. फ्यूज घालूनच सुरू कर. अडलास तर रविवारी डबा घेऊन ये, सोल्डर गरम ठेवतो.