बहिणीची सही नाही, तरी घर घ्यावं का?

प्रश्न : परभणीत जुन्या वस्तीतलं घर 28 लाखांना ठरलं. 3 लाख इसार दिला, नोटरीपुढे इसारपावती झाली. खरेदीखताची मुदत 31 मार्च 2025 होती. मालक दिवाळी, मग पाडवा असं पुढं ढकलत राहिले. घर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. ते 1998 साली वारले. महापालिकेत नाव एकट्या मालकांचं. आता कळलं की नांदेडला दिलेली त्यांची बहीण सही करत नाही. एजंट म्हणतो, वडील 2005 च्या आधी गेले, मुलीला हक्कच नाही; शिवाय तिनं बाँडवर हक्क सोडलाय. खरेदी करू का? की इसार बुडाला?

उत्तर : ताई, खरेदी आत्ता करू नका. इसार मात्र बुडालेला नाही.

एजंटचं ते 2005 चं वाक्य आपल्याकडे कोर्टाच्या आवारातही छातीठोकपणे ऐकू येतं. 2005 साली वारसा कायद्यात झालेली ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क देण्याबद्दल आहे. वडिलांचं स्वकष्टार्जित घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा, 1956 चं कलम 8 लागतं (मालक हिंदू आहेत असं धरतो). त्यात मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. विधवा आईसुद्धा. आई, मालक आणि एकच बहीण असेल तर प्रत्येकी एक तृतीयांश. म्हणजे 28 लाखांपैकी मालकांचे स्वतःचे जेमतेम 9 लाख 33 हजार. आई हयात आहे का, आणखी बहिणी आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एजंटनंही बहुधा विचारलेलं नाही.

बाँडवरचा हक्कसोड तुम्ही स्वतः पाहिलात का? शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तोंडी वाटणी आधीच झाली होती आणि कागद ही तिची नुसती याद आहे, असा बचाव होऊ शकतो. पण तो कागद वाचल्याशिवाय ठरत नाही. प्रत मागा. "आहे, देतो" एवढ्यावर परत येऊ नका.

महापालिकेची नोंद कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी असते. नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक तिच्याहून वजनदार, पण फेरफारानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हापुन्हा सांगितलंय. वारस फेरफाराची नक्कल काढा, म्हणजे बहिणीचं नाव कुठं गळलं ते दिसेल. जुना दस्त निजामकाळातला, उर्दूतला निघाला तर मालक सांगतील तो अर्थ धरू नका. जाणकाराकडून वाचून घ्या आणि जागा इनामाची किंवा वक्फची नाही ना, हेही बघा.

समजा, घाईनं एकट्या मालकांकडून खरेदीखत करून घेतलंत. तुम्हाला मिळेल फक्त त्यांचा हिस्सा. कुटुंबाच्या न वाटलेल्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 44). वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो लावलात की 1893 च्या वाटप कायद्याखाली बहीणच तुमचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला मागू शकते. बँक तर बहुधा इतकं होऊच देणार नाही.

आता इसार. पावती नोंदवलेली नाही म्हणून ती रद्दी ठरत नाही. करारपूर्तीच्या दाव्यात ती पुरावा म्हणून वाचता येते. पण दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं, म्हणजे 31 मार्च 2028 पर्यंत. दिवाळी-पाडव्याच्या तोंडी वायद्यांनी ती वाढली असं समजू नका. याच आठवड्यात मालकांना स्पीड पोस्टानं पत्र पाठवा : उरलेले 25 लाख द्यायला मी तयार आहे, सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी खरेदीखत द्या, वारसांची यादी आणि हक्कसोडाची प्रत द्या. कर्जमंजुरीचं पत्र जपून ठेवा; तुमची तयारी कायम होती हे कोर्टात तुम्हालाच दाखवावं लागतं. दावा लावायची वेळ आलीच, तर पर्याय म्हणून इसार परत मिळावा अशी मागणीही लिहून घाला.

आणि नांदेडला जाऊन या. बहीण सही करत नाही, हे तुम्हाला तिनं सांगितलं की मालकांनी? सौदा 28 चा झालाय हे तिला ठाऊक आहे का? मी पाहिलेल्या अशा भांडणांत बहिणीला रक्कम कमी सांगितलेली असते, किंवा कुणी विचारलेलंच नसतं. ती तयार असेल तर खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून यावी, आई असेल तर आईसुद्धा, आणि तिच्या हिश्श्याचे पैसे थेट तिच्या खात्यात जावेत, भावामार्फत नकोत. तिला घर विकायचंच नसेल, तर मालकांना इसार परतीची नोटीस द्या आणि दुसरं घर बघायला लागा.