बुडबुडे थांबले, बाटल्या भरू का?

प्रश्न : ताई, मी लेस्टरला राहतो. तयार माल्टचा (मोड आणलेल्या सातूच्या अर्काचा) डबा आणून पहिल्यांदाच घरी बिअर लावली आहे, २३ लिटर. सुरुवातीचं हायड्रोमीटरचं (बिअरचा दाटपणा मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीचं) रीडिंग १.०४८ होतं. आज दहावा दिवस. परवापासून एअरलॉकमधले (बादलीच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे पूर्ण थांबलेत. हायड्रोमीटर १.०१६ दाखवतोय. चाळीसेक बाटल्या धुऊन ठेवल्यात. दोन आठवड्यांनी बहीण आणि भावोजी येणार आहेत. आज रात्री भरून टाकू का?

उत्तर : नका भरू. बाटल्या राहू देत तशाच पालथ्या.

बुडबुड्यांवर विसंबू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या म्हणून डाळ शिजलीच असं आपण धरत नाही. झाकण काढून दाणा बोटाने दाबून बघतो. बादलीचं झाकण कुठेतरी जरासं सैल असतं, वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलटही होतं. आंबणं केव्हाच संपलेलं असतं, पण खोली तापली की बिअरमध्ये विरघळलेला वायू वर येतो आणि बुडबुडे पुन्हा सुरू.

लीड्समधल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी जिन्याखालच्या कपाटात बिअर लावली होती. रात्री हीटिंग बंद असायचं. नवव्या दिवशी बुडबुडे थांबले आणि मी न मोजता बाटल्या भरल्या. यीस्टचं काम संपलंच नव्हतं, ते थंडीने निपचित पडलं होतं. एप्रिलमध्ये ऊन आलं आणि रात्री अडीच वाजता पहिली बाटली फुटली. मग दुसरी, मग तिसरी. सकाळी दार उघडलं तर तपकिरी काचेचा एक तुकडा दाराच्या लाकडात आतून रुतला होता, जमिनीपासून तीन फुटांवर. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचे गमबूट त्याच कपाटात असायचे. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही.

आता तुमचा आकडा. यीस्ट साखर खातं तसा आकडा उतरतो. नेहमीचं एल यीस्ट (घरच्या बिअरला बहुधा वापरतात ते) साधारण तीन चतुर्थांश साखर खातं. म्हणजे १.०४८ वरून बिअर १.०१२ च्या आसपास यायला हवी. तुमचे चार अंक (१.०१६ ते १.०१२) बाकी दिसतात. हे चार अंक बाटलीत उतरले, तर बिअरला फेस यावा म्हणून तुम्ही भरताना घालणार त्या १४० ग्रॅम साखरेतून होईल त्याहून जास्त वायू होईल, आणि तोही त्या साखरेच्या वर!

बादली २० अंशांच्या आसपास राहील अशा जागी हलवा. हलवताना तळचा गाळ थोडा वर येईल, येऊ दे. यीस्टला जाग येते. झाकण मात्र उघडू नका. तीन दिवसांनी नळातून नळकांडंभर बिअर काढा. हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरवा, कारण अंगाला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. डोळा बिअरच्या पातळीला आणून वाचा. मोजलेली बिअर परत बादलीत ओतू नका, चाखून बघा. गुळचट लागली तर थांबायचं. लोणी-टॉफीसारखा वास आला तरी थांबायचं, यीस्ट तो दोन-तीन दिवसांत स्वतःच निस्तरतं. तीन दिवस लागोपाठ एकच आकडा आला आणि तो १.०१२ च्या जवळ असला, की भरा. आकडा १.०१६ लाच अडून राहिला तर मला पुन्हा लिहा, तोवर बाटल्यांना हात लावू नका. काही डब्यांच्या माल्टमध्ये न आंबणारी साखर जास्त असते, त्यामुळे तोही शेवट असू शकतो, पण ते तपासून ठरवायचं.

(पुण्याहून दोघांनी हेच विचारलंय. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे करू नका.)

भावोजींच्या भेटीचं मात्र जमणार नाही. भरल्यावरही बाटल्यांना उबेत दोन आठवडे लागतात. भरताना एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची घ्या आणि रोज दाबून बघा. ती दगडासारखी टणक झाली की काचेची एक गार करून उघडा.