फलकावरून बुद्धांचं नाव काढू का?

प्रिय ताई,

मी निवृत्त शिक्षिका, नाशिकला राहते. आमचं घर बौद्ध; वडिलांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली. इगतपुरीची विपश्यना शिबिरं केल्यावर ध्यानाला बसायची सवय लागली. आता ज्येष्ठ नागरिक संघात संध्याकाळी विपश्यनेचे आचार्य गोएंका गुरुजींच्या आवाजातली आनापानाची, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघण्याची, ध्वनिफीत लावून सगळ्यांना बसवते.

एक माळकरी आजोबा विचारतात, श्वासाबरोबर 'रामकृष्णहरी' म्हटलं तर चालेल का? वसईचं माहेर असलेल्या एक ख्रिस्ती बाई 'फादरना विचारते' म्हणून गेल्या, त्या आल्याच नाहीत. एक मुस्लिम गृहस्थ रोज येतात. पण शेवटी मी 'भवतु सब्ब मंगलं' (सगळ्यांचं मंगल होवो) म्हणते आणि सगळे अनुमोदन म्हणून 'साधू, साधू, साधू' म्हणतात, तेव्हा ते चपला शोधायला लागतात. संघाचे सचिव म्हणतात, फलकावर 'बुद्धांची आनापान साधना' कशाला, 'श्वसन-विश्रांती' लिहा, लोक बिचकतात. उलट धाकटा भाऊ म्हणतो, "बुद्धाला वगळून श्वास वाटत सुटलीस. यातलं कुणी विहारात पाऊल टाकेल का?" दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. वर्ग बंद करू का?

– एक बाई, नाशिक

बाई, जय भीम.

वर्ग बंद करू नका आणि फलकाला हात लावू नका. पतंजलींचं नाव लिहून योगवर्ग भरवला असता, तर सचिवांनी ते पुसायला सांगितलं असतं का? एकदा शांतपणे विचारून बघाच. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी ध्यान आणलं, ते धार्मिक शब्द बाजूला ठेवूनच. इस्पितळात ते शोभलं. आपल्याकडे मात्र बुद्धाचं नाव गाळा म्हणण्यात निव्वळ बिचकणं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

शिवाय नाव झाकून माणसं निर्धास्त होत नाहीत. आज ना उद्या कुणाचा तरी मुलगा मोबाइलवर बघून घरी सांगतो, "अहो, हे बौद्धांचं आहे." मग ज्याची काडीचीही हरकत नव्हती, त्यालाही आपल्याला फसवून बसवलं असं वाटतं. त्यापेक्षा नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी सांगून टाका : हे बुद्धांनी शिकवलं, मी त्यांना मानते, तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही, तुमचं काही सोडायचंही नाही. गोएंकाजी स्वतः ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या सनातनी मारवाडी घरातले. १९५५ मध्ये अर्धशिशीने हैराण होऊन विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा आपला धर्म तर जाणार नाही ना, ही धाकधूक त्यांनाही होतीच.

मात्र 'साधू'च्या बाबतीत मी तुमच्या बाजूने नाही. इगतपुरीच्या दहा दिवसांत सुरुवातीला त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि शील पाली भाषेत म्हणायचं असतं, पण तिथे जाणारा नियम वाचून, अर्जावर सही करून जातो. तुमच्याकडची मंडळी संध्याकाळचं चार माणसांत बसायला आलेली. तुम्ही मंगल कामना जरूर करा, तो तुमचा भाव आहे. पण उत्तराची वाट बघत थांबू नका. दहा जण एका सुरात काही म्हणायला लागले की अकराव्याला गप्प बसणं जड जातं. हात जोडायला किंवा मूर्तीकडे तोंड करून बसायला सांगत असाल, तर तेही सोडा. डोळे मिटले की ज्यांना घाबरल्यासारखं होतं त्यांना उघड्या डोळ्यांनी बसू द्या. आणि आनापानाच्या पुढची पायरी, विपश्यना, तुम्ही शिकवायची नाही. ज्याला हवी त्याने अर्ज भरून शिबिराला जावं.

त्या गृहस्थांच्या चपलांचं कारण कदाचित वेगळंच असेल. मगरिबच्या नमाजाची वेळ सूर्यास्ताबरोबर सरकते. हिवाळ्यात ती तुमचा वर्ग उठायच्या सुमारास येत असेल. विचारा त्यांना, आणि तसं असेल तर वर्ग अर्धा तास अलीकडे घ्या. विचारलंत याचंच त्यांना बरं वाटेल.

वसईच्या बाईंना पटवायला फोन करू नका. भेटल्या तर एवढं सांगा, की मुंबईत जन्मलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर अँथनी डिमेलो श्वासावर आणि शरीराच्या संवेदनांवर लक्ष ठेवायला सांगून माणसांना प्रार्थनेकडे नेत असत. पण अर्धंच सांगू नका. त्यांच्या पश्चात, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. त्याआधी १९८९ च्या व्हॅटिकनच्या पत्रात असं होतं की परधर्मातल्या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झिडकारू नयेत, पण प्रार्थनेचा ख्रिस्ती अर्थ झाकोळू देऊ नये. म्हणजे फादरांनी 'जा' म्हटलं काय किंवा 'नको' म्हटलं काय, दोन्हीला आधार आहे. निर्णय बाईंचा.

आजोबांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. नाम घेतलं की मन नामाला धरतं, आणि इथे तर नुसता श्वास, जसा आहे तसा, बघायचा असतो. वर्गात तेवढा वेळ एवढंच. घरी त्यांनी हरिपाठ म्हणावा, हवा तितका जप करावा. त्यांना बरं वाटावं म्हणून 'शेवटी सगळं एकच हो' असं कृपा करून म्हणू नका. ज्यांनी आयुष्यभर वारी केली त्यांना ते खोटं आहे हे कळतं, फक्त ते तोंडावर बोलत नाहीत.

आता भाऊ. त्याच्या रागात तथ्य आहे. बुद्धाचं ध्यान सगळ्यांना हवं आणि बुद्धाला मानणाऱ्यांच्या वस्तीत जायला नको, हे त्याने पाहिलेलं असणार. पण त्याचा हिशेब श्वासावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडून वसूल करता येत नाही. कुणी विहारात यावं म्हणून तुम्ही शिकवायला लागलात, तर ती अट झाली, आणि पहिल्या दिवशी दिलेला शब्द मोडला. बोलावणं मात्र वेगळं. बुद्ध पौर्णिमेला अख्ख्या वर्गाला आमंत्रण द्या, नाताळात वसईच्या बाई तुम्हाला बोलावतील तसंच. कोण आलं नाही याची यादी ठेवू नका. आणि खीर वाढायला भावालाच उभा करा.

– ताई