केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तिथल्या भारतीयांचा काही वाटा होता का, की सगळे दुकानं सांभाळत बसले?

बहुतेक जण दुकानंच सांभाळत होते, हे आधी मान्य करायला हवं. इंग्रजांच्या उतरंडीत गोरे वर, आफ्रिकी तळाशी आणि आपले लोक मध्ये. आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ बाळगावं लागे. हा ओळखीचा कागद पत्र्याच्या डबीत घालून दोरीने गळ्यात अडकवायचा. त्यावर बोटांचे ठसे आणि मालकाची नोंद. मालकाने सुटल्याची सही दिली नाही, तर दुसरीकडे काम मिळणं मुश्कील. भारतीयांच्या गळ्यात ही डबी कधी आली नाही. म्हणूनच जे थोडे लोक लढ्यात उतरले, त्यांचं मोल मला फार वाटतं.

कामगार नेते माखन सिंग यांनी 23 एप्रिल 1950 ला नैरोबीच्या कालोलेनी सभागृहात भर सभेत पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. पुढच्याच महिन्यात अटक झाली आणि सुटका थेट ऑक्टोबर 1961 मध्ये. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांपेक्षाही ते जास्त काळ बंदिवासात होते!

पियो गामा पिंटो तर आपल्या गोव्याच्या कुटुंबातले, जन्म नैरोबीचा. तरुणपणी मुंबईत राहून गोवामुक्तीच्या कामात पडले. पोर्तुगीज पकडतील अशी चिन्हं दिसल्यावर केनियात परतले आणि तिथे इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या ‘माऊ माऊ’ बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं मिळवून द्यायला लागले. 1954 मध्ये पकडले गेले, पुढची पाच वर्षं स्थानबद्धतेत काढली. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले, तरी ज्यांनी रक्त सांडलं त्यांना जमीन मिळालीच पाहिजे, हा धोशा त्यांनी सोडला नाही. 24 फेब्रुवारी 1965 ला नैरोबीत घराच्या आवारातच, गाडीत असताना त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं 37.

औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत 1948 पासून नैरोबीत भारताचे आयुक्त होते. आफ्रिकी नेत्यांशी त्यांची इतकी जवळीक होती की इंग्रजांनी दिल्लीकडे तक्रारी केल्या आणि 1954 मध्ये त्यांना तिथून हलावं लागलं.

मात्र यावरून ‘आपल्यामुळे केनिया स्वतंत्र झाला’ असं कुणी म्हणू लागलं, तर ते मला अजिबात पटणार नाही. जमिनी गेल्या त्या प्रामुख्याने किकुयू या आफ्रिकी समाजाच्या, छावण्यांत डांबले गेले ते हजारो आफ्रिकी, आणि 1957 मध्ये फासावर गेले माऊ माऊंचे नेते देदान किमाथी. त्या छावण्यांत छळ झाला हे ब्रिटिश सरकारने 2013 मध्ये मान्य केलं, आणि हयात असलेल्या 5,228 जणांना भरपाई द्यायचं कबूल केलं.